कप खाली ठेवण्याआधीचे दोन सेकंद

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. वाकून लिहिणार होतो, पण गेल्या महिन्यापासून कंबर एकदा वाकली की सरळ व्हायला तासभर घेते, तेव्हा उभ्यानेच घे. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त केलंस का, की अजून ते त्यांच्याऐवजी तुझाच राग मोजतंय? दुकानाच्या पत्र्याचं काय झालं? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे ही ठीक आहे. माझं काय आहे ते सांगायलाच हे पत्र आहे. वाचून झालं की फाड, आणि तुकडे स्वतः चुलीत घाल. वहिनींच्या हाती देऊ नकोस. मागच्या पत्रावर त्यांनी लसूण सोलला आणि माझं आजारपण शेजारच्या तिन्ही घरांत कचऱ्यासकट पोचलं.

तुला माझी नोकरी ठाऊक आहे, पण नक्की ठाऊक नाही (तू लोकांना सांगतोस की मी सरकारात 'कायतरी लिहितो'). मी लघुलेखक आहे. संरक्षण समिती वर बोलते, मी कोपऱ्यात बसून उतरवतो, आणि मग तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत जाऊन ते माणसांना वाचता येईल असं टंकतो. सव्वीस वर्षांत त्या समितीतल्या कुणीही माझ्याकडे पाहिलेलं नाही. एकदा एका सदस्याने माझ्या खांद्यावर ओला कोट टाकला होता, खुंटी समजून. मी तो बैठक संपेपर्यंत धरला. आमचे साहेब आहेत, त्यांना आम्ही पूर्णविराम म्हणतो, कारण ते आले की सगळ्यांची वाक्यं संपतात. माझं टोपणनाव तुला ठाऊक आहेच, तूच ठेवलं होतंस, सशा. ते इथपर्यंत कसं पोचलं देव जाणे. पण माझा कान चांगला आहे, एवढं सगळे मानतात. दोन सदस्य एकदम खोकले तरी कोण आधी खोकला ते मी लिहू शकतो.

तर, टपाल कचेरीतला स्फोट. तू रेडिओवर ऐकलाच असशील. त्रेचाळीस माणसं, बहुतेक रांगेत उभी असलेली. मीही दोन दिवस आधी त्याच रांगेत होतो आणि रांग पुढे सरकत नाही म्हणून चरफडत होतो. त्यानंतर या शहरात दुसरा विषय नाही. पलीकडच्याने हे करवलं का? आणि करवलं असेल तर त्याच्यावर चालून जायचं का? (आम्ही त्याला नुसतं 'पलीकडचा' म्हणतो. नाव घेतलं की लोक आवाज खाली आणतात, जणू तो नदीपलीकडून ऐकतोय.) त्याच्याबद्दल मला तिळमात्र माया नाही, दादा. ज्याच्या राज्यात एखादा शेजारी एका सकाळी नाहीसा होतो आणि बाकीचे शेजारी गुपचूप त्याच्या दारावरचा नंबर खरवडून काढतात, त्याच्याबद्दल कुणाला माया असेल? पण माणूस वाईट आहे हे एक, आणि हे त्यानेच केलं हे दुसरं. न्हाव्याकडे हे मी बोललोसुद्धा. त्याने वस्तरा थांबवून विचारलं, "म्हणजे तुमचं म्हणणं, जाऊ नये?" वस्तरा गळ्याशी असला की माझं मत बहुमताकडे झुकतं. मी म्हटलं, जावं.

समितीतही हेच चाललं होतं, फक्त वस्तऱ्याशिवाय. एका बाजूला निवृत्त सेनापती. मी त्यांना आधी गर्जना करणारा माणूस समजत होतो, पण ते फार हळू बोलतात. खिशात त्रेचाळीस नावांची यादी असते, बोलताना ती काढतात, वाचत नाहीत, नुसती टेबलावर ठेवतात. दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई, कान-नाक-घशाच्या. त्या म्हणतात, तो राक्षस आहे हे मान्य, पण राक्षस आहे म्हणून हा दातांचा व्रण त्याचाच कसा? आधी व्रण मोजा. तीन आठवडे मी हे उतरवत होतो. कागद वाढत होते, दोन्ही बाजू जिथल्या तिथे. आणि मग पेटीवाला आला.

पेटीवाला गुप्त खात्यातला. मऊ बोलणारा, स्वच्छ नखांचा, कायम पेपरमिंटची गोळी पुढे करणारा. त्याच्या पत्र्याच्या पेटीत एक टेप होती. पलीकडच्याचा खास चिटणीस कुठल्याशा हॉटेलात कुणाशी तरी बोलत होता, ते चोरून घेतलेलं. (पलीकडची भाषा आपलीच, हेल तेवढा वेगळा, हे तुला माहीत आहेच.) बाकी सगळं हवापाण्याचं. फक्त एका जागी तो दुसरा माणूस विचारतो, "स्फोटवाले लोक तुमच्या छावणीत होते?" हे स्वच्छ ऐकू येतं. त्यानंतर दोन सेकंद खरखर. मग कुणीतरी कप बशीत ठेवतं. खरखरीच्या अगदी शेवटी 'ते' असं ऐकू येतं, त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता त्याच्या आधी काय आहे याचा. 'होते' की 'नव्हते'? दादा, तू नीट मनात आण. नदीच्या दोन्ही काठांवर पाच लाख माणसं बंदुका घेऊन उभी, आणि सगळं अडलंय ते 'हो' आणि 'नव्ह' यांच्यामध्ये. यंत्रवाल्यांनी यंत्रं लावली, त्यांचं एकमत होईना. तेव्हा पूर्णविरामांनी सुचवलं की आमच्या तळघरात एक कान आहे.

मला हेडफोन दिले. पहिल्या दिवशी मी सतरा वेळा ऐकलं आणि लिहिलं, '(अस्पष्ट)'. सव्वीस वर्षं हा शब्द मी अभिमानाने लिहीत आलोय. पूर्णविरामांनी कागद पाहिला, परत माझ्यापुढे ठेवला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा '(अस्पष्ट)'. तिसऱ्या दिवशी दुपारी पेटीवाला समोर येऊन बसला. म्हणाला, "तुम्हाला काही सुचवायचं नाही हं. मी फक्त सोबत बसतो." गोळी दिली. टेप सुरू झाली. प्रश्न आला, खरखर सुरू झाली, आणि मी सहज वर पाहिलं तर त्याचे ओठ हलले. आवाज नाही. नुसते ओठ गोल झाले आणि उघडले. तेवढ्यात माझ्या कानात, अगदी स्वच्छ, जरा घोगऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, होते.

मी पुन्हा लावली. होते. डोळे मिटून लावली. होते. तो उठून गेल्यावर, खोलीत एकटा असताना लावली, तरी होतेच. इतकं स्पष्ट, की आधी दोन दिवस आपण बहिरे होतो की काय असं वाटावं. आणि गंमत म्हणजे (मला त्या वेळी गंमतच वाटली) तो आवाज दर वेळी थोडा जास्त ओळखीचा व्हायला लागला.

त्यानंतर घरात सुरू झालं. नळ सोडला की होते. हिचं शिवणयंत्र, होते-होते-होते-होते, परकराची आख्खी शिवण. इस्त्रीवर पाणी शिंपडलं की एकदाच, ठसक्यात. हिला काही सांगता येईना, शपथ घेतलेली. पण रविवारी सकाळी मी ठरवलं, आपण शास्त्रीय पद्धतीने जाऊ. हिला न्हाणीघरात उभं केलं, दार लावलं, नळ पूर्ण सोडायला सांगितला, आणि म्हटलं, चाळीस वेळा बोल, कधी 'होते', कधी 'नव्हते', तुझ्या मनाला येईल तसं, आणि बोललीस ते कागदावर मांड. मी बाहेर खुर्ची टाकून माझा कागद घेऊन बसलो. (लग्नाला एकतीस वर्षं झाली म्हणून निभावलं. नवी असती तर माहेरी गेली असती.) मध्येच वरच्या मजल्यावरची म्हातारी खाली येऊन विचारून गेली की सगळं ठीक आहे ना, बाईसाहेब न्हाणीत 'नव्हते नव्हते' म्हणून ओरडतायत, कोण नव्हते? मी म्हटलं, नाटकाची तालीम आहे. ती म्हणाली, कोणतं नाटक? मी म्हटलं, दुःखान्त.

मग कागद ताडून पाहिले. माझ्या कागदावर चाळीसच्या चाळीस 'होते'. हिच्या कागदावर एकोणीस 'नव्हते', चौदा 'होते', तीनदा 'दूध संपलंय', आणि शेवटच्या चार जागा रिकाम्या. मी विचारलं, या चार वेळा काय म्हणालीस? ती म्हणाली, "काही नाही. मी न्हाणीच्या मागच्या दाराने बाहेर गेले होते, गॅसवाला आला होता. चार-पाच मिनिटं तरी गेली." मी म्हटलं, पण मी ऐकलं. ती म्हणाली, "न्हाणीत कुणी नव्हतंच हो." आम्ही दोघंही त्या दाराकडे बघत राहिलो. नळ आत चालूच होता. भर सकाळ होती, ऊन पार भिंतीपर्यंत आलेलं, आणि तरी तो नळ बंद करायला दोघांपैकी एकही उठेना. शेवटी हात धरून गेलो.

हे मी तुला अशासाठी लिहितोय की पुढचं वाचताना तू म्हणू नकोस, याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

बुधवारी समितीने मला बोलावलं. उतरवायला नाही, सांगायला. माझ्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर माझा कनिष्ठ बसला होता, पेन्सिल टोक करून. मी बोलेन ते आता तो लिहिणार. त्या खोलीत मी कधी समोरून बसलोच नव्हतो. खोली वेगळीच दिसत होती, अकरा चेहरे, आणि सगळ्यांना डोळे. अध्यक्षांनी टेप लावली. प्रश्न, खरखर, कप. मला तेव्हाही स्वच्छ ऐकू आलं. सेनापती म्हणाले, "सांगा." मी म्हणालो, "होते."

डॉक्टरीणबाई पुढे झुकल्या. "तुम्ही पहिले दोन दिवस अस्पष्ट लिहिलंत. तिसऱ्या दिवशी काय बदललं?"

"सवयीने ऐकू यायला लागलं, बाई."

"सवयीने ऐकू येतं, की सवयीने वाटतं? तुम्हाला आधी कुणी शब्द सांगितला होता का?"

"सांगितला नाही," मी म्हणालो. हे खरं होतं, दादा. सांगितला नव्हता.

"तुमच्या कानाची परीक्षा घेतलीत कधी?"

इथे न्हाणीघर डोळ्यांपुढे आलं. तेवढ्यात सेनापतींनी यादी काढून टेबलावर ठेवली आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "बाई, उद्या दुसरी इमारत पडली, तर तिच्या रांगेतल्या माणसांना मी काय सांगू? की टेपमध्ये जरा खरखर होती?" बाई म्हणाल्या, "आणि नदीपलीकडच्या रांगेतल्या माणसांना मी काय सांगू? त्यांच्या यादीचा कागद अजून कोरा आहे, म्हणून ती नाहीत असं नाही." मग सगळे परत माझ्याकडे वळले. मी तुला खरं सांगतो, मला भीती नव्हती वाटली. कुणी धमकावलंही नव्हतं. फक्त सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती माणसं माझ्याकडे पाहत होती, आणि 'अस्पष्ट' म्हटलं असतं तर मी पुन्हा खुंटी झालो असतो. मी म्हणालो, "माझ्या कानाची मला खात्री आहे." कनिष्ठाची पेन्सिल सरकल्याचा आवाज आला. तो काय आवाज होता ते तुला सांगायला नको.

शुक्रवारी मतदान झालं. नऊ विरुद्ध दोन. बाहेर व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं. मला वाटलं आता बोलणार. पण त्यांनी पर्समधून छोटी बॅटरी काढली, म्हणाल्या, "बसा," आणि तिथल्या बाकावर बसवून माझ्या दोन्ही कानांत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी विचारलं, काय आहे? म्हणाल्या, "डाव्यात थोडा मळ आहे. बाकी आत कुणी नाही." आणि बॅटरी विझवून निघून गेल्या. 'काही नाही' म्हणाल्या असतील, दादा. तेच म्हणाल्या असतील. मी ऐकलं ते हे.

आता जे तुला आधी लिहायला हवं होतं ते. सोमवारी दुपारी तुझा लेक इथे येऊन गेला. त्याच्या पलटणीला शहरात दोन तासांची सवड होती, तुला कळवायला वेळ नव्हता, म्हणून मी कळवतोय. तब्येत उत्तम. हिने वाढलेलं सगळं जेवला, वर आणखी मागितलं. अंगणातल्या पायरीवर बसून बूट पुसले, पुसता पुसता सांगत होता की त्यांचं काम सगळ्यांच्या आधी, म्हणजे तरंगता पूल टाकायचा, मग बाकीचे त्यावरून जाणार. जसं काही मांडव घालायला निघालाय. मी बरं बरं करत होतो. मग त्याने एक बूट हातात धरून वर पाहिलं. दादा, तो अगदी तुझ्यासारखा पाहतो, एक भुवई वर.

"काका, एक विचारू? आमच्यात बोलतायत की तुमच्याच कचेरीतल्या कुणीतरी ती टेप ऐकली. तुम्हाला माहीत असेल. ते लोक तिथे खरंच होते ना?"

स्वयंपाकघरात नळ चालू होता. हिने तो बंद केला. तिने काही ऐकलं असावं, किंवा मला ऐकू यावं म्हणून. घरात इतकं शांत झालं की मला बुटावर ब्रशचा केस पडलेला ऐकू आला असता. त्या शांततेत मला कुणीच काही सांगितलं नाही. जे बोललो ते मीच बोललो.

"होते," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि दुसरा बूट घेतला. जाताना माझ्या पाया पडला. ही आत गेली ती तो रस्त्याच्या वळणावरून दिसेनासा होईपर्यंत बाहेर आली नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलते, पण पाठ करून बोलते, आणि मला तिचा एकेक शब्द नीट कळतो.

वहिनींना साष्टांग. गुडघ्याला ऊन ऊन शेक दे. पत्र्याचं लवकर बघ.

तुझा,
सशा

ता. क. पत्रासोबत कानाच्या जुन्या यंत्राचा डबा पाठवतोय, दुरुस्तीला म्हणून. यंत्र ठीक आहे. त्याच्या खालच्या कापसात एक कॅसेट आहे, त्या टेपची नक्कल. (हा गुन्हा आहे. त्यामुळे पावती मागू नकोस.) तुझ्या दुकानातल्या चांगल्या यंत्रावर लाव. पण तू ऐकू नकोस, तू आता पत्र वाचलंयस, तुझा उपयोग नाही. वहिनींना ऐकव. आधी काही सांगू नकोस, समोर बसू नकोस, आणि मेहेरबानी करून ओठ हलवू नकोस. त्या म्हणतील तो एक शब्द मला कळव. एवढ्याचसाठी हे सगळं पत्र लिहिलं.

ता. क. त्या 'होते' म्हणाल्या तर तार कर. 'नव्हते' म्हणाल्या तर कळवायची घाई नाही. आणि मी लेकाला काय उत्तर दिलं ते वहिनींना सांगू नकोस. ते मी येऊन सांगेन, तुम्ही घरात घेतलंत तर.

ता. क. डबा बांधण्याआधी शेवटचं म्हणून एकदा ऐकलं. सकाळी दहाला, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, ही शेजारी बसलेली. दादा, 'होते' नाही. 'नव्हते'ही नाही. ज्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं तो 'ते'सुद्धा नाही. तो बशीवर कप घासल्याचा आवाज आहे. चिटणीसाने चहा प्यायला आणि उत्तर दिलंच नाही. मी हिला विचारलं, तुला काय ऐकू आलं? ती पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "कप." मी डॉक्टरीणबाईंना फोन लावायला उठलो, तेवढ्यात हिने बातम्या लावल्या. पहिलीच बातमी होती की पहाटे पूल टाकून झाला आणि पहिल्या तुकड्या पलीकडे गेल्या. तिसऱ्या तराफ्याशी काही जवान कामी आले, नावं नंतर सांगणार आहेत. रेडिओ तुझ्याच हातचा आहे, दुकानात जुळवून दिला होतास. आवाज अगदी स्वच्छ होता. एक शब्द चुकला नाही.